हेडर नेमकं कुठलं उघडलं?

विंडोजवर वर्षानुवर्षं बिनतक्रार कंपाइल होणारा सी++ प्रोजेक्ट लिनक्सवर आणला की पहिली ठेच बहुधा हेडरपाशी लागते. फाइल डिस्कवर दिसत असते आणि जीसीसी म्हणतो, अशी फाइलच नाही.

मी अशा वेळी तीन फाइलींचा नमुना करून बघतो. एका फोल्डरमध्ये मेन.सीपीपी आणि कॉमन.एच, त्यातल्या ‘ग्राफ’ या फोल्डरमध्ये प्लॉट.एच. मेन प्लॉटला इन्क्लूड करते आणि प्लॉट दुहेरी अवतरणात नुसतं "कॉमन.एच" मागते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आधी ग्राफमध्ये बघतो. तिथे नसेल तर प्लॉटला इन्क्लूड करणाऱ्या मेनच्या फोल्डरमध्ये. साखळी लांब असेल तर असाच एकेक पायरी मागे जातो. जीसीसीही ग्राफमध्ये बघतो, पण तिथून थेट कमांडवर दिलेल्या फोल्डरांकडे वळतो. मेनच्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. चूक दोघांचीही नाही. शोध कसा घ्यायचा हे सी आणि सी++ची प्रमाणकं कंपायलरवरच सोपवतात. अवतरणातली फाइल मिळाली नाही तर ती कोनी कंसात लिहिल्यासारखी शोधा, एवढंच बजावतात.

एरर आली तर नशीब समजायचं. कमांडवर दिलेल्या एखाद्या लायब्ररीच्या फोल्डरमध्येही कॉमन.एच असेल, तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मेनशेजारची उचलतो, जीसीसी लायब्ररीतली. दोन्हीकडे बिल्ड हिरवा आणि स्ट्रक्चरचा आकार मात्र वेगळा! म्हणून अंदाज न बांधता मी यादी काढतो. जीसीसीला मोठ्या लिपीतल्या ‘एच’चा पर्याय दिला की उघडलेलं प्रत्येक हेडर तो छापतो, खोली टिंबांनी दाखवतो, पलीकडे ‘शो इन्क्लूड्स’ तेच काम करतो. दोन याद्या शेजारी ठेवल्या की फाटा कुठे फुटला ते दिसतं. (विंडोजला फाइलनावातलं लहानमोठं अक्षर चालतं, लिनक्सला नाही, तो घोळ निराळा.)

मायक्रोसॉफ्टची पद्धत सोयीची खरी, पण तिच्यामुळे एकाच ओळीचा अर्थ ती फाइल कोण इन्क्लूड करतं यावर ठरतो. मला ते पटत नाही. क्लँग विंडोजवर हीच पद्धत पाळतो, पण मागच्या फोल्डरमधली फाइल घेतली की कुठली घेतली ते वॉर्निंगमध्ये सांगतो. ती वॉर्निंग एररमध्ये बदला आणि हेडरचे पत्ते प्रोजेक्टच्या मुळापासून पूर्ण लिहा.