शिखराआधीची रात्र

28 मे 1953. एव्हरेस्टच्या माथ्याखाली, सुमारे 8,500 मीटरवर, एका छोट्या तंबूत गिर्यारोहक हिलरी आणि तेनझिंग झोपायचा प्रयत्न करत होते. झोप कुठली! काळीज धडधडत होतं, हे खरं. पण दोष एकट्या काळजीचा नव्हता.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. ऑक्सिजन कमी पडला की शरीर जोरजोरात श्वास घेतं. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की झोपेत मेंदू श्वासाची आज्ञा देणंच थांबवतो. काही सेकंद सगळं शांत. मग ऑक्सिजन आणखी घटतो आणि माणूस धाप लागून दचकून उठतो. हे चक्र रात्रभर चालतं. शेजारी झोपलेल्याची भीतीने गाळण उडते ती वेगळीच! ॲसिटाझोलामाइड या औषधाने रक्ताची आम्लता किंचित वाढते आणि हा खेळ बराच आटोक्यात येतो. त्या रात्री मात्र दोघांना नळकांड्यातल्या प्राणवायूच्या मोजक्या तासांवर भागवावं लागलं.

भूकही मरते, पण पाणी पोटात जायलाच हवं. कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातलं पाणी जातं. म्हणून शेवटच्या तयारीतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम म्हणजे स्टोव्हवर बर्फ वितळवत बसणं. त्या पहाटे स्टोव्हला आणखी एक काम लागलं. हिलरींनी रात्री काढून ठेवलेले बूट गोठून कडक झाले होते. ते शेकून मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेनझिंग यांनी बूट काढलेच नव्हते. साडेसहाला दोघे निघाले.