धोत्रा : विष आणि उतारा

महाशिवरात्रीला नागपूरच्या बाजारात बेलाच्या पानांबरोबर धोत्र्याची काटेरी फळेही विकायला येतात. उकिरड्याशेजारी, पडीक जागेत हे झुडूप आपोआप उगवते. १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यात त्याचे नाव नाही; पण म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे कोणी समजू नये. संस्कृतात धोत्र्याला ‘उन्मत्त’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

धोत्रा हा वांगी व मिरची यांच्याच कुळातील. त्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हायोसायमीन, अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे असतात. ती काय करतात?

आपल्या शरीरात काही मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हा पदार्थ पाझरतो. कुलपात किल्ली बसावी तसा तो पेशींवरील ठरावीक जागी बसला, की लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात, हृदयाची गती मंदावते. अ‍ॅट्रोपीन त्याच कुलपात शिरून बसते, पण कुलूप उघडत नाही. मग तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते, अंग तापते. मेंदूतही असाच अडथळा आल्याने समोर नसलेली माणसे दिसू लागतात आणि भ्रम होतो. पुढे बेशुद्धी व मृत्यूही येऊ शकतो.

हाच अडथळा योग्य वेळी जीव वाचवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली, अनेकजण दगावले. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस हे फॉस्फरसयुक्त कीटकनाशकही होते. अशी कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करणारे एन्झाइम निकामी करतात. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते, घाम व लाळ वाहू लागते, श्वासनलिका स्रावाने भरतात आणि रोगी गुदमरतो. अशा वेळी डॉक्टर अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शने देतात. ‘कुलपे’ अडवली गेल्याने स्राव थांबतो व श्वास मोकळा होतो. स्कोपोलामीनचा उपयोग प्रवासात होणाऱ्या मळमळीवर करतात.

मग विषबाधा झालेल्याला धोत्र्याच्या बियाच का देऊ नयेत? कारण एका झाडाच्या बियांत अल्कलॉइड किती आणि दुसऱ्याच्या किती, हे डोळ्यांना कळत नाही. इंजेक्शनात ते मिलिग्रॅममध्ये मोजलेले असते आणि डॉक्टर रोग्याची नाडी व छाती तपासत मात्रा ठरवतात. म्हणून फवारणीनंतर कोणाला घाम, लाळ, धाप असा त्रास होऊ लागला, तर त्याचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कीटकनाशकाचा डबाही बरोबर न्यावा.

धोत्र्याचे कर्ण्यासारखे फूल जरूर पाहा, पण चव कधीही घेऊ नका. आणि झाडाला हात लावलात, तर तो धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.