नेमबाजाची पकड आणि गोळीचा वेग

रायफलीचा दस्ता खांद्याशी घट्ट दाबला म्हणजे गोळी अधिक वेगाने सुटते, असे पुष्कळांस वाटते. त्यात तथ्य आहे, पण किती? दारूचा वायू गोळीस पुढे लोटतो, तसाच रायफलीस मागे. रायफलीने घेतलेली ऊर्जा गोळीस मिळत नाही, हे खरेच.

कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्नील कुसळे यांनी 2024 साली पॅरिस येथे ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात 50 मीटरवरचा नेम गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभ्याने साधावा लागतो. पकड तिन्ही वेळा निराळी. गोळी 2.6 ग्रॅमची व रायफल 5 किलोंची धरू. सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगाने गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल अर्धा मिलिमीटरही मागे सरत नाही. ती मोकळी टांगा की भिंतीत चिणा, वेगातील फरक सेकंदाला दहा सेंटिमीटरांच्या आतबाहेर! काडतुसाकाडतुसांतला फरक याहून कितीतरी मोठा.

मग पकडीचे एवढे स्तोम कशाला? कारण तेवढ्या हालचालीतही नळीचे तोंड वळते. एका अंशाच्या शंभराव्या हिश्शाने जरी कलले, तरी गोळी लक्ष्यावर 8.7 मिलिमीटर ढळते. आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे. वेगमापकावरील आकडे खालीवर होऊ लागले, तर मात्र खांद्याला शिक्षा न देता काडतुसांची पेटी बदलून पाहावी.