भंगारात गेलेलं लेझर

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यातलं आर्गॉन लेझर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. ट्यूब गेली होती, सुटे भाग मिळत नव्हते. नवं घेऊ म्हटलं, तर तरुण भागीदार हसले, "सर, आता लेझर कोण मारतंय?"

सुरुवातीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरेची फांदी बंद पडून मध्यभागी सूज आली, तर रक्त ओसरेपर्यंत तीन महिने थांबायचं आणि मग सुजेवर लेझरने जाळीसारखे फिकट डाग द्यायचे. अमेरिकेतल्या 1984च्या अभ्यासाने घालून दिलेली ही रीत आम्ही पोथीसारखी पाळली. मुख्य शीर बंद पडली असेल तर लेझरने सूज घटते, नजर वाढत नाही, हे 1995मध्ये कळलं.

खरा काळ 2005 ते 2016. मायामीचे नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचं बेव्हासिझुमॅब डोळ्यात टोचलं, तेव्हा मी थट्टा केली होती. लवकरच मीही तेच टोचू लागलो. चार्टवर तीन-तीन ओळी जास्त वाचणारे पेशंट मी लेझरच्या काळात क्वचितच पाहिले होते. 2010मध्ये रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनला शीर बंद पडून येणाऱ्या सुजेसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि परिषदांमध्ये लेझरचं तेरावं घातलं गेलं. जेवण औषध कंपन्यांचं. मीही जेवलो, उगाच साळसूदपणा कशाला?

जानेवारी 2016मध्ये गुजरातेत जंतुसंसर्ग झाले आणि औषध नियंत्रकांनी बेव्हासिझुमॅब डोळ्यात न वापरण्याचा इशारा दिला. मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या आठवड्यांत महागडं इंजेक्शन न परवडणाऱ्यांसाठी मी याच यंत्रावरची चादर काढली होती.

लेझर म्हणजे जादू नव्हे. इंजेक्शनांना सुरुवातीपासून त्याची जोड दिली तर इंजेक्शनं कमी लागतात, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. पण फांदीची शीर बंद आहे, इंजेक्शनांमागून इंजेक्शनं देऊनही सूज परत येते आहे, तिथे जाळीचा विचार व्हायलाच हवा. मुख्य शीर बंद पडून बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, तर पडद्याच्या कडेकडेने लेझर मारावंच लागतं. नाहीतर काचबिंदू डोळा घेऊन जातो. नव्या डॉक्टरांना हे पाठ असतं, हात मात्र बसलेला नसतो.

या सोमवारी एक बाई आल्या. फांदीची शीर, दुसरीकडे घेतलेली चौदा इंजेक्शनं, दर वेळी मुलाचा खाडा. लेझरचं नावही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. "डॉक्टर, इथेच मारता येईल का?" त्यांनी विचारलं. मी जिल्ह्याच्या गावची चिठ्ठी लिहून दिली. काम पंधरा मिनिटांचं, आणि एसटीने जायला अडीच तास.