पाणी जांभळं, गवत लाल : जुन्या गेमची दुरुस्ती

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा गेम १९९९ साली आला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्याही आधी! तरी सबमिशन संपलं रे संपलं की होस्टेलच्या विंगमध्ये एक स्विच, आठ केबल आणि हाच गेम. आणि गेम अडखळला की पहिला बळी ठरलेला. ‘तू बाहेर बस गं, तुझ्या डबड्यामुळे सगळ्यांचा गेम स्लो होतो!’ जिच्याकडे सेकंड हँड पीसी आहे ती बिचारी गप्प उठते. हा आरोप किती खरा आणि त्यावर उपाय काय, तेच इथे सांगते. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. जिथे मराठी शब्द सुचले नाहीत तिथे इंग्रजी ठेवलेत, सरांनी सांभाळून घ्यावं.)

आधी रंगांचं बघू. हा गेम ८-बिट रंगांचा आहे. म्हणजे एका वेळी फक्त २५६ रंग. समजा तुमच्याकडे रांगोळीच्या २५६ डब्या आहेत, प्रत्येकीवर नंबर. गेम चित्र काढताना ‘हिरवा’ म्हणत नाही, ‘डबी नंबर अमुक’ एवढंच लिहितो. डब्यांच्या या यादीला पॅलेट म्हणतात. असं का केलं? मेमरी वाचवायला! १०२४ × ७६८ चा स्क्रीन ८-बिटमध्ये ७६८ केबीत बसतो, ३२-बिटमध्ये त्यालाच ३ एमबी लागतात. पेंटियम १६६ आणि ३२ एमबी रॅमवर चालेल असा गेम बनवायचा तर ही काटकसर हवीच होती.

गोची अशी की पॅलेट सगळ्या स्क्रीनला मिळून एकच. विंडोज ७ वर गेम चालू असताना मागचा डेस्कटॉप, म्हणजे एक्सप्लोरर, गुपचूप काही डब्यांतली रांगोळी बदलतो. चित्र तेच, नंबर तेच, पण पाणी जांभळं आणि गवत लाल! यात ग्राफिक्स कार्डचा काही दोष नाही, तेव्हा ते बदलायला धावू नका. गेम सुरू करण्याआधी ‘स्क्रीन रेझोल्यूशन’ची खिडकी उघडून तशीच ठेवली की बऱ्याचदा काम भागतं. नाहीच भागलं तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करा, आणि खेळून झालं की तिथूनच परत चालू करा.

विंडोज ८ पासून पुढे त्रास वेगळा. तिथे खरा ८-बिट मोड उरलेलाच नाही, विंडोज त्याची नुसती नक्कल करते. जुन्या डायरेक्टड्रॉचं प्रत्येक चित्र आधी भाषांतर होऊन मग स्क्रीनवर येतं, त्यामुळे चांगल्या लॅपटॉपवरसुद्धा गेम रखडू शकतो. यावर उपाय म्हणजे ‘सीएनसी-डीड्रॉ’ नावाची फुकट आणि ओपन सोर्स फाईल. मुळात ती ‘कमांड अँड कॉन्कर’साठी लिहिली गेली. गेम ज्या फोल्डरमधून सुरू होतो, तिथलीच डीएलएल आधी उचलतो. म्हणून ही डीड्रॉ डीएलएल आणि तिची सेटिंगची फाईल तिथे ठेवली की डब्यांचे नंबर रंगांत बदलायचं काम थेट ग्राफिक्स कार्डावर जातं. ‘कॉन्करर्स’ खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याची ईएक्सई मुख्य फोल्डरमध्ये नसून आतल्या ‘एज२_एक्स१’ फोल्डरमध्ये असते. फाईल तिथेच हवी. कंपॅटिबिलिटी मोडची टिकही काढून टाका, दोन औषधं एकदम घेतली की कशाचा गुण आला ते कळत नाही.

सैनिक जाडे आणि बुटके दिसतात? ४:३ चं चित्र रुंद स्क्रीनवर ताणलं जातंय. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये स्केलिंगला ‘मेन्टेन आस्पेक्ट रेशो’ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, पण घोडा घोड्यासारखा दिसेल!

आता मुख्य आरोप. लॅनवर या गेममध्ये प्रत्येक सैनिकाची जागा पाठवली जात नाही, पाठवले जातात फक्त हुकूम. आठही मशीन तोच खेळ स्वतंत्रपणे मोजतात आणि टर्नमागून टर्न एकत्र पुढे सरकतात. २८.८ च्या मोडेमवर हजारो सैनिक लढवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. हा गेम बनवणाऱ्यांनी २००१ साली ‘१५०० आर्चर्स ऑन अ २८.८’ या लेखात हे सविस्तर लिहिलंय. म्हणजे सगळ्यात हळू मशीन सगळ्यांचा वेग ठरवतं, हे खरंच. पण हळू मशीन म्हणजे जुनं मशीन, असं नाही! डायरेक्टड्रॉची नक्कल करत बसलेला नवा कोरा लॅपटॉपही सगळ्यांना रखडवू शकतो, आणि विंडोज ७ वरचा जुना पीसी निवांत चालत असतो. म्हणून कोणाला उठवण्याआधी प्रत्येकीने आपापल्या मशीनवर एकटीने गेम चालवून बघा. गुन्हेगार लगेच सापडतो.

लॅनसाठी आणखी दोन गोष्टी. विंडोज १० किंवा ११ वर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘लेगसी कंपोनंट्स’खाली डायरेक्टप्ले चालू करा. आणि सगळ्यांची व्हर्जन एकच ठेवा. हिशोब जरा वेगळा झाला की गेम तुटलाच समजा.

डीएलएल मात्र प्रोजेक्टच्या मूळ पानावरूनच घ्या, कुणाच्याही पेन ड्राईव्हवरून नको. आणि हे सगळे प्रयोग आपापल्या मशीनवर, लॅबमध्ये नव्हे! (लॅब असिस्टंट काकाही हे पान वाचतात.)

२०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. पण त्याला पैसे लागतात आणि तगडं मशीनही. ते सगळ्यांकडे नसतं. विंगमध्ये आठ जणी असतील तर आठही जणी खेळल्या पाहिजेत, आणि एका छोट्या फाईलने तेवढं होत असेल तर अर्धा तास खर्च करायला काय हरकत आहे?