मॅस्टोडॉन: सर्व्हर लहान असलेलाच बरा

2016 साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाच्या जाळ्याला एकच मालक नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब या खुल्या मानकाने जोडलेले असतात. तरीही सगळ्यांनी एकाच मोठ्या सर्व्हरवर गर्दी केली, की तक्रारी हाताळणाऱ्याला ना माणसं माहीत असतात, ना भांडणामागचा संदर्भ. म्हणूनच प्रोग्रामर डेरियस काझेमी यांनी पन्नास-शंभर जणांच्या सर्व्हरचा आग्रह धरला. मॅस्टोडॉनच्या त्यांनी केलेल्या ‘होमटाउन’ या आवृत्तीत पोस्ट फक्त आपल्या सर्व्हरपुरती ठेवता येते.

लहान सर्व्हरवर माणूस एकटा पडतो, असा आक्षेप येतो. पण इतर सर्व्हरवरच्या लोकांना इथूनच फॉलो करता येतं. चालवणारा थकला तर काय, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून दोघा-तिघांनी काम आणि खर्च वाटून घ्यावा, बॅकअप नियमित ठेवावा. ओळखीतून येणारी जबाबदारी कुठल्याही नियमावलीपेक्षा जास्त टिकते.