वाँटेज ते केडगाव

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ज्या बुद्धीच्या तेजाने आपण हरखून गेलो तीच उद्या आपल्याला जाब विचारील, ही जाणीव त्यांना आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनीमंडळास बहुधा नसावी. वास्तविक जिच्या पित्याने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि जिला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' ही पदवी अर्पण केली, ती विदुषी धर्म बदलला म्हणून हुकमाची ताबेदार होणे संभवनीयच नव्हते.

त्याच मंडळातील आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई ममतेने 'आजीबाई' म्हणत. ती ममता खरी होती, आणि म्हणूनच पुढील पत्रव्यवहार वाचताना मन कष्टी होते. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खाईनात, यात भगिनींना जातीचा ताठा दिसला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असा आग्रह झाला, तेव्हा जी भाषा मला येत नाही आणि माझ्या देशभगिनींनाही येत नाही तिच्यात असे कोणते अधिक पावित्र्य आहे, असे विचारून त्यांनी संस्कृत अक्षरांचा पक्ष मांडला. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघताच लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या स्त्रीला ही बंदी किती झोंबली असेल! मे १८८५ मधील पत्रात त्यांनी निःसंदिग्धपणे कळविले की, स्वदेशीय पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जू मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्रैक्यासंबंधीच्या त्यांच्या शंकांना उद्धटपणा मानले नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे.

तथापि विरोध करून सुटका होते, आनंद मिळतोच असे नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. व्यासपीठावरून उपदेश करीत असतानाच ज्याला स्वतःच्या श्रद्धेची उणीव उमगली, त्याच्या त्या कथेत त्यांना आपले प्रतिबिंब दिसले, आणि ख्रिस्ताला त्या स्वतः, कोणाच्याही मध्यस्थीवाचून, शरण गेल्या. माझ्या मते ही शरणागती १८८५ च्या त्या नकाराची पूर्तता होती. नकार नसता तर शरण जावयास त्यांचे स्वतःचे असे मनच उरले नसते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुलींनी रमाबाईंचे पुण्याजवळील केडगावचे मुक्तिसदन गजबजले. तेथे कोणत्याही एका पंथाचा अंमल नव्हता. १९०५ च्या तेथील धर्मजागृतीत शेकडो स्त्रिया एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या बोलीत प्रार्थना करीत, रडत, गात. नेमस्त उपासनेला सरावलेल्या कित्येक मिशनऱ्यांना तो गलबला वाटला. ज्यांना जन्मभर गप्प बसविले गेले त्यांनी देवासमोर कंठ मोकळा केला, याहून मोठा उत्सव मला तरी ठाऊक नाही. सदनाच्या कारभारात रमाबाईंचाच शब्द अखेरचा असे, हेही नमूद केले पाहिजे. परंतु हिब्रू व ग्रीक शिकून मुलीबाळींना समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी बायबल उतरविले, आणि सदनाच्याच छापखान्यात ते छापले गेले. वाचणारीने स्वतः वाचावे, हाच त्यामागील हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाईंची ती इंग्रजी पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेतील धर्मांतराच्या वादापलीकडे ज्यांना रमाबाई ठाऊक नाहीत, त्या वाचकांनी ती अवश्य वाचावीत.